सायराच्या अब्बांचं खमीर

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही जवळ यावं, कारण ही गोष्ट ओरडून सांगण्याजोगी नाही. पेणच्या रामवाडीत एका बाईनं दुसऱ्या बाईची ठेव कशी घालवली, आणि ती भरून काढताना तिचा जीव किती दिवस टांगणीला लागला, ते सांगतो. देवाचं नाव घेतो आणि सुरुवात करतो.

साल त्र्याहत्तर, महिना मार्गशीर्ष. आदल्या वर्षीच्या दुष्काळाची धग अजून रेशनच्या दुकानात होती. तांदूळ घरचा असे, पण गहू मोजून मिळे आणि मिळालेला गहू बायका पदराखाली झाकून घरी आणत. रामवाडीत रंभा आणि सायरा यांची घरं पाठीला पाठ लावून होती. मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. त्या गडग्यावरून वाटीभर डाळ जायची, पेलाभर ताक यायचं, आणि बोलणं तर दिवसभर चालायचं. रंभाचा नवरा गोविंदा मिठागरावर कामाला, आठवड्यानं घरी येई. घरात ती आणि म्हातारे सासरे, दाजी.

सायराचा नवरा नासिर कुवेतला नोकरीला निघाला होता. त्याला बोटीवर बसवून द्यायला सायरा मुंबईला जाणार, त्या सकाळी तिनं एक काचेची बरणी गडग्यावर आणून ठेवली. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं.

"हे सांभाळशील? आठ दिवसांत येते मी."

रंभानं हात पदराला पुसले आणि मग बरणी उचलली. तिला ठाऊक होतं आत काय आहे. खमीर. खमीर म्हणजे पिठाचं विरजण. दुधाला जसं विरजण, तसं नानच्या पिठाला खमीर. सायराचे वडील नूरमहंमद रोह्यात बेकरी चालवत. हे खमीर त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं, आणि वर्षानुवर्षं रोज खाऊ घालून जगवलेलं. ते गेले, बेकरी बंद झाली, सायराच्या आईची, ताजुन्निसाबाईंची, नजर गेली, तेव्हा ही बरणी सायराकडे पेणला आली. अब्बांच्या बरसीला रोह्याची भट्टी वर्षातून एकदा पेटायची आणि याच खमीराचे नान फातिहा पढून वाटले जायचे.

"अब्बांच्या हाताचं आता एवढंच उरलंय गो," सायरा म्हणाली. "रोज सकाळी यातलं अर्धं काढायचं. उरलेल्यात मूठभर कणीक आणि तेवढंच पाणी. ढवळून ठेवायचं. बस."

"आणि काढलेलं अर्धं?"

"मी भाकरीत घालते. तुझे सासरे आंबट खायचे नायत. टाकून दे."

"टाकू?"

"टाक गो! त्यात काय एवढं?"

सायरा गेली. ओटीवर बसलेल्या दाजींनी बरणीकडे मान वळवली. "सूनबाय, त्यात काय पाळलंय?"

"खमीर, मामंजी."

"चावत नाय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभानं सांगितल्याप्रमाणे अर्धं खमीर हातात घेतलं आणि ती परसात आली. पांढरं, मऊ, बुडबुड्यांनी भरलेलं. गव्हाचं पीठ ते. उकिरड्यासमोर ती उभी राहिली आणि तिचा हात उलटा होईना.

आता इथं थोडं मागं जायला हवं. रंभा कीर्तनाची वेडी. देवळात टाळ वाजला की हातातलं काम सोडून निघणार, पहिल्या रांगेत बसणार, घरी येऊन दाजींना अख्खं आख्यान पुन्हा ऐकवणार. त्या पंधरवड्यात दिनानाथबुवांनी एका बाईची कथा लावली होती. त्या बाईनं उंबऱ्यावर सांडलेलं मूठभर पीठ केरात लोटलं, आणि त्या घरची लक्ष्मी स्वतःचीच पावलं पुसत बाहेर पडली. बुवांनी ती पावलं पुसण्याची नक्कल अशी केली होती की बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. दुसऱ्या दिवशीचं निरूपण ठेवीवर. शेजाऱ्याची ठेव घेतली तर वाढवून द्यावी, घटवून देऊ नये.

रंभानं हातातलं अर्धं खमीर परत बरणीत सोडलं. वर मूठभर कणीक, तेवढंच पाणी. मनात म्हणाली, सायरा येईल तेव्हा बरणीच्या जागी हंडाभर देईन. खूश होईल.

बुवांना दोष देऊ नका. बुवा बोलले ते खरंच होतं. त्यांनी केरात लोटलेल्या पिठावर बोलावं आणि ऐकणारीनं ते खमीराला लावावं, याला बुवा काय करणार?

चार दिवसांत बरणी भरली, तेव्हा तिनं ते पातेल्यात काढलं. पातेलं भरलं तेव्हा मडक्यात. आणि रिकामी झालेली बरणी? दुसऱ्याची वस्तू तशीच चिकट ठेवायची का? रंभानं ती राखेनं घासली, उन्हात वाळवली आणि फळीवर पालथी घातली. इतकी लख्ख की आरशासारखं तोंड दिसावं.

सायरा आठ दिवसांत आली नाही. नासिरच्या कागदांत काही अडलं होतं, बोटीची तारीख पुढे गेली होती. इकडे जे खमीर एका मुठीवर बरणीभर जगत होतं, ते आता त्याच एका मुठीवर मडकंभर जगायला लागलं. जगणार कसं? अकराव्या दिवशी बुडबुडे थांबले. तेराव्या दिवशी वर करडं पाणी साचलं आणि फडकं काढलं की वास नाकात झोंबू लागला. रंभाला वाटलं, थंडी लागली. विरजणसुद्धा थंडीत लागत नाही, त्याला ऊब द्यावी लागते.

तो रविवार होता. दत्तजयंतीचा सप्ताह चालू, दुपारी बुवांचं कीर्तन. रंभानं चुलीतली लाकडं मागे ओढली, वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, नुसते निखारे राहू दिले आणि त्यावर मडकं ठेवलं. ऊब पुरे तेवढीच. मग ती देवळात गेली.

ती परतली तेव्हा तिच्या हातात सुंठवडा होता. घरात शिरतानाच तिला वास आला, शिजलेल्या पिठाचा. चुलीत दोन जाडजूड लाकडं भडकलेली. वर पाण्याचं तपेलं खदखदतंय. वैलावरचं मडकं कडेनं करपलं होतं.

"मामंजी, चूल कुणी पेटवली?"

"मी. गुडघे धरलेत, शेकायला पाणी ठेवलं. का गो?"

रंभानं पळी घातली. पळी उभीच राहिली. दाजी काठी टेकत आले, वाकून बघितलं.

"ही तर खळ झाली. जोह्याच्या गणपतीवाल्यांना देऊन टाक, कागद चिकटवतील."

मग त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि चुलीतली लाकडं मागे ओढली. रंभा मडक्याच्या तळापर्यंत पळी नेत होती, पुन्हा पुन्हा, कुठं एखादा मऊ, कच्चा कोपरा उरलाय का ते बघत. नव्हता. मग तिला बरणी आठवली. बरणीच्या काठाला वाळलेलं काही असेल! ती फळीकडे धावली, बरणी उलटी करून उजेडात धरली. काच चकाकत होती.

दुसऱ्या दिवशी टपालवाला आला आणि त्यानं कार्ड वाचून दाखवलं. नासिरची बोट अखेर ठरली, पुढच्या आठवड्यात सुटेल. त्याला बसवून सायरा पुढच्या गुरुवारी येते. शुक्रवारी रोह्याला अब्बांची बरसी. शेवटची ओळ, 'रंभा, बरणी जीवापाड सांभाळ, तुझ्या भरवशावर आहे.'

"चांगली बातमी!" टपालवाला म्हणाला आणि सायकल ढकलत गेला.

रात्री रंभाला घास गेला नाही. दाजी ताटावरून म्हणाले, "बाजारातून दुसरं आण की."

"ते बाजारात मिळत नाय, मामंजी."

"मग रोह्याला म्हातारीकडं थोडं असंल."

रंभानं मान हलवली. "म्हातारीनं सगळं सायराला दिलं." पण मग तिच्या मनात आलं, ज्या घरात ते जन्माला आलं तिथंच विचारायला हवं. भीती वाटत होती. ताजुन्निसाबाईंचा दरारा तिनं ऐकला होता. सायरासुद्धा आईपुढं आवाज काढत नसे.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं ती निघाली. नागोठण्यापर्यंत तिनं तीनदा ठरवलं की उतरावं आणि परत फिरावं. रोह्याला उतरली आणि बेकरीचा पत्ता विचारत निघाली.

बंद बेकरीच्या मागच्या अंगणात म्हातारी खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. खडा लागला की बाजूला.

"कोण?"

"मी रंभा, खाला. पेणची. सायराची शेजारीण."

"सायरानं पाठवलं? ती आली?"

"नाय. ती गुरुवारी येईल." रंभा खाली जमिनीवर बसली. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरली. "खाला, तिचं खमीर मी मारलं."

म्हातारीची बोटं थांबली. रंभानं सगळं सांगितलं. न टाकलेलं अर्धं, मडकं, वैल, लाकडं. काही लपवलं नाही, फक्त लाकडं दाजींनी घातली हे सांगितलं नाही.

"बरणी?" म्हातारीनं विचारलं.

"घासून ठेवली."

"राखेनं?"

"व्हय."

"स्वच्छ?"

"व्हय, खाला."

म्हातारीनं लांब श्वास सोडला. "चाळीस वर्षं सांभाळलं आम्ही. तू पंधरा दिवसांत चाटूनपुसून साफ केलंस." आवाज चढला नव्हता. "आता माझ्याकडं का आलीस? माफी मागायला?"

"करायला शिकवा. अगदी पहिल्यापासून."

"दिवस किती?"

"पुढच्या गुरुवारपर्यंत."

"आज मंगळवार. नऊ दिवस." म्हातारी कुत्सित हसली. "त्यांनासुद्धा पहिल्यांदा बारा लागले होते. ऐक. एकदाच सांगीन. जाडसर दळलेली कणीक, कोंड्यासकट. विहिरीचं पाणी, न तापवलेलं. दोन्ही सारखं. फडकं बांध, झाकण नको. बरणीला बाहेरून दोरा बांध, पीठ जिथवर आहे तिथं. दोन दिवस हात लावू नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते एकदम उसळेल. नाचू नको. ती उसळी खोटी. घाण वास येईल आणि मग ते पडेल, मेल्यासारखं पडेल. तीन दिवस, चार दिवस. तिथं लोक टाकून देतात. तू टाकू नको. रोज खाऊ घालत राहा. मेल्यासारखं दिसतंय त्याला खाऊ घालत राहायचं, समजलं? आणि तिसऱ्या दिवसापासून रोज अर्धं बाहेर."

"अर्धं..." रंभा चाचरली. "टाकू कुठं, खाला?"

"ते तुझं तू बघ. पण अर्धं बाहेर गेलं नाही तर उरलेलं उपाशी मरतं. बघितलंस ना?"

रंभा उठली. दारापाशी थांबली. "सायराला कार्ड घालाल का तुम्ही?"

"मी आंधळी बाई. मी कसलं कार्ड घालते?" ताजुन्निसाबाई पुन्हा सूप ओढून घेत म्हणाल्या. "मी तिला सांगणार नाही. तू सांगायचं की नाही, तेही मी तुला सांगणार नाही. जा, गाडी चुकेल."

त्याच संध्याकाळी रंभानं जात्यावर गहू दळला, विहिरीवरून पाणी आणलं, सायराचीच बरणी फळीवरून काढली. पीठ कालवलं, दोरा बांधला आणि बरणी देवघराच्या कोनाड्यात ठेवली, चुलीपासून लांब.

बुधवारी काही नाही. गुरुवारी दुपारी ती भात काढत होती तर दाजींची हाक आली, "अगो ये, ये, वर आलंय!" खरंच, पीठ दोऱ्याच्या वर चार बोटं उसळलं होतं, बुडबुड्यांनी फुगलेलं. दाजी लहान मुलासारखे हसले. "झालं की तुझं! दोन दिवसांत झालं. म्हातारी उगाच घाबरवते."

"हे खोटं हाय, मामंजी."

"डोळ्यांनी दिसतंय नि खोटं?"

शुक्रवारी सकाळी पीठ दोऱ्याच्या खाली होतं. वास असा, की दाजींनी उपरण्यानं नाक झाकलं. रंभानं अर्धं हातात घेतलं आणि परसात आली. पुन्हा तोच उकिरडा, पुन्हा तोच हात. आता तर ते नासकं होतं, तरी उलटा होईना. रेशनचा गहू, स्वतः दळलेला. तिच्या डोळ्यांपुढं ती बाई आली, केर लोटणारी, आणि मागे ती पुसली जाणारी पावलं.

दाजी पाठीमागे येऊन उभे राहिले.

"राबातली भाताची रोपं सगळी राबातच ठेवली तर काय होतं गो?"

"दाटीनं पिवळी पडतात."

"मग काय करतेस तू लावणीला?"

"उपटते. लावते."

"आणि लावून उरलेल्या मुठी? बांधावर पडतात ना? तवा तुझी लक्ष्मी कुठं जात नाय?" दाजींनी काठीनं गोठ्याकडे दाखवलं. "म्हशीच्या आंबोणात टाक. ती बुवांच्या कीर्तनाला जात नाय."

रंभा रडता रडता हसली. म्हशीनं ते आंबोण नाक फुरफुरवत चाटून टाकलं.

शनिवार गेला. रविवार गेला. बरणीत पीठ नुसतं पडून होतं, चिखलासारखं. सकाळी अर्धं बाहेर, मूठभर आत. सोमवारी सकाळी ती कोनाड्यासमोर बसली आणि बरणीला कान लावला. काहीच नाही. गव्हाचं पीठ डब्याच्या तळाला आलं होतं. अजून तीन मुठी. हे मेलंच असेल तर उरलेलं पीठ टाकून नव्यानं सुरू करायला दिवस नव्हते. आणि जगलेलं असेल तर? म्हातारी म्हणाली होती, इथंच लोक टाकून देतात. रंभानं मूठ भरली. मूठ बरणीवर धरून देवाला म्हणाली, "तू बघ बाबा. मला तर यात जीव दिसत नाय." आणि मूठ सोडली.

त्या सबंध आठवड्यात दाजींनी गुडघे शेकले नाहीत. चुलीच्या वाऱ्यालाही ते उभे राहिले नाहीत. रंभानं पाणी तापवून देऊ का विचारलं तर म्हणाले, "बरं वाटतंय आता," आणि उठताना ओठ चावले.

मंगळवारी सकाळी दोऱ्याच्या किंचित वर तीन बुडबुडे होते. रंभानं दाजींना हाक मारली नाही. संध्याकाळी बोटभर वर. वासही बदलला होता, कच्च्या चिंचेसारखा, स्वच्छ. बुधवारी दुपारी पीठ दोऱ्याच्या दुपटीवर पोचलं आणि तिथं थांबून राहिलं. रंभा कोनाड्यासमोर हात जोडून बसली होती. तेवढ्यात गडग्यावरून आवाज आला.

"रंभे! आहेस का घरात?"

सायरा. एक दिवस आधी. प्रवासानं डोळे लाल, अंगावर तीच साडी जी नेसून गेली होती.

"गाडी लवकर मिळाली. नासिर गेला गो. बोट दिसेनाशी झाली तरी मी उभीच." तिनं डोळे पुसले आणि हात पुढं केला. "दे माझी बरणी. तेवढी दे आधी."

रंभानं बरणी गडग्यावर ठेवली. सायरानं फडकं सोडलं, डोळे मिटून नाक जवळ नेलं.

"वास जरा वेगळा येतोय?"

आता सांगायचं. आत्ता. रंभानं तोंड उघडलं. समोर ती लाल डोळ्यांची बाई, नवरा समुद्रापार गेलेली.

"थंडी हाय ना," रंभा म्हणाली.

"असंल," सायरा म्हणाली. बरणी पोटाशी धरून ती घरात गेली.

मंडळी, खोटं बोलायला एवढाच वेळ लागतो.

गुरुवारी दोघी रोह्याला गेल्या. बरसीच्या कामाला हाताशी ये, असं सायरा म्हणाली, आणि नाही म्हणायला रंभा काय कारण सांगणार? संध्याकाळी सायरानं परातीत पीठ मळलं, मध्ये खमीर घातलं. ताजुन्निसाबाई खाटेवर बसून होत्या. रंभाच्या पावलांचा आवाज त्यांनी ओळखला होता, पण "ये" यापलीकडे बोलल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी सायरानं परातीवरचं फडकं काढलं. पीठ कडेच्या वर आलं होतं, मऊ, गोल, बोट लावलं तर हळूच परत फुगणारं. सायराचा चेहरा फुलला.

"अम्मा, अब्बांचं खमीर वर आलं बघ! दर वर्षीपेक्षा चांगलं." तिनं रंभाचे पिठाळ हात धरले. "तू माझ्या अब्बांना सांभाळलंस गो."

भट्टीत लाकडं तडतडत होती. बाहेर नमाजाहून येणाऱ्यांसाठी चटया घालून झाल्या होत्या. रंभानं खाटेकडे पाहिलं. म्हातारी समोर, कुठंच न बघता बसली होती. ती सांगणार नव्हती. ती थांबवणारही नव्हती.

रंभानं हात सोडवून घेतले.

"हे तुझ्या अब्बांचं नाय," ती म्हणाली.

"काय?"

"अब्बांचं खमीर मेलं. माझ्या हातून. मी अर्धं टाकलं नाय, वाढवत बसले, मग चुलीवर ठेवलं. हे मी केलं, मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी. खालांनी शिकवलं. गडग्यावर तुला खोटं बोलले मी."

सायरा आईकडे वळली. "अम्मा, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"तुला ठाऊक. हिला ठाऊक. हिच्या सासऱ्याला ठाऊक असणार." सायराचा आवाज चिरकला. "मी काल रात्री त्या बरणीला सांगत बसले, अब्बा, नासिरला नीट पोचवा. पिठाला सांगत होते मी! कुणाच्या तरी पिठाला!"

ती भट्टीच्या पलीकडे गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. रंभा एक पाऊल पुढं झाली तशी म्हातारीनं हात वर केला. "रडू दे तिला. बापाला रडतेय ती."

भट्टी तापून लाल झाली होती. पीठ वाट बघत नसतं. अजून थोडा वेळ गेला तर ते बसलं असतं. रंभाला ते दिसत होतं, परातीच्या कडेला पृष्ठभाग सुरकुतू लागला होता. पण आता त्या पिठाला हात लावायचा तिला हक्क नव्हता. ती नुसती उभी राहिली.

शेवटी सायरा वळली. डोळे पुसले नाहीत.

"किती दिवस?"

"आठ लागले."

"मध्ये मेल्यासारखं पडलं?"

"चार दिवस."

"तवा टाकून नाय दिलंस?"

"नाय."

सायरा परातीसमोर बसली. "मी दोनदा करून बघितलंय, अब्बा असताना," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "दोन्ही वेळा चौथ्या दिवशी टाकून दिलं. अब्बा हसायचे, सायरात दम नाय म्हणायचे." तिनं पिठाचा गोळा तोडला. "उंडे कर. सारखे कर. मला आत्ता तुझं तोंड बघायचं नाय, पण उंडे कर."

नान भाजले गेले. फातिहा पढली गेली. वाटताना सायरा प्रत्येकाला तेच सांगत होती, "अब्बांचं खमीर गेलं. हे पेणच्या रंभानं केलेलं आहे." ते रागानं म्हणत होती की आणखी कशानं, रंभाला कळलं नाही. लोक नान हातात घेऊन तिच्याकडे बघत आणि तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं होई. एका म्हाताऱ्यानं तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाला, "नूरमहंमदचा जास्त आंबट असायचा." सायरा म्हणाली, "व्हय. जास्त आंबट असायचा," आणि पुन्हा तिचे डोळे भरले.

परतीच्या एसटीत दोघी एका बाकावर बसल्या, मध्ये बरणी. नागोठणं जवळ आलं.

"माझा राग गेलेला नाय," सायरा खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"ठाऊक हाय."

"महिनाभर राहील."

"राहू दे."

गाडी थांबली, माणसं चढली, पुन्हा सुटली. सायरानं बरणी सरळ धरली.

"तोवर रोज सकाळी येऊन हिला बघून जायचं. बोलायचं नाय. नासिर गेल्यापासून सकाळी मला उठवत नाय गो."

रंभा दुसऱ्या दिवशी उजाडताच गडगा ओलांडून गेली. महिनाभर गेली. चोविसाव्या दिवशी सायरानं तिला चहा विचारला.

गोष्ट एवढीच. रंभाची चूक तुम्ही विसरलात तरी चालेल, आपण सगळेच कधी ना कधी भलतीकडे पुण्य करतो. पण खाटेवर बसलेल्या त्या आंधळ्या बाईला विसरू नका. तिला सगळं ठाऊक होतं आणि एका शब्दानं ती रंभाला उघडी पाडू शकली असती, एका शब्दानं झाकूही शकली असती. तिनं दोन्हीतलं एकही केलं नाही. रंभाला स्वतःच्या तोंडानं खरं बोलता यावं म्हणून ती गप्प बसली, आणि लेकीचा राग अर्धा आपल्या डोक्यावर घेतला. आज घरी जाऊन हात जोडाल किंवा हात पसराल, जसं तुमच्या घरी करतात तसं, तेव्हा रोह्याच्या ताजुन्निसाबाईंची एकदा आठवण काढा.